दादाचं ट्रामाडोल सोडवायचंय, युरिक ॲसिडच्या औषधाने विड्रॉवल थांबतो हे खरं का?

मिरजेची_धाकटी

नमस्कार सगळ्यांना. इथे पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

माझा मोठा दादा ३८ वर्षांचा, खतं-बियाण्यांच्या मार्केटिंगमध्ये, सतत फिरतीवर. २०२२ ला तासगाव रस्त्यावर गाडी घसरली आणि कंबरेतली गादी सरकली. ऑपरेशनची गरज नाही म्हणाले, दुखण्यावर ट्रामाडोलच्या ५० च्या कॅप्सूल दिल्या दहा दिवसांच्या. ते दहा दिवस काही संपलेच नाहीत. कुठल्या मेडिकलमधून आणतो, कसा आणतो आम्हाला पत्ता नाही. दिवाळीच्या आधी वहिनीला स्कूटीच्या डिकीत रिकाम्या स्ट्रिप्सचा गठ्ठा सापडला तेव्हा कळलं की दिवसाला दहा-बारा घेतोय. दारू नाही, तंबाखू नाही, त्यामुळे घरात कुणाच्या डोक्यातच आलं नाही की हे व्यसन असू शकतं. आई तर अजून म्हणते औषधच आहे ना ते.

गणपतीत त्याने स्वतःहून चार दिवस बंद केल्या होत्या (तेव्हा आम्हाला वाटलं व्हायरल आहे). सारख्या जांभया, नाक गळतंय, जुलाब, अंगावर काटा, रात्रभर पाय झाडत होता, आणि म्हणायचा डोक्यात करंट लागल्यासारखं होतंय. पाचव्या दिवशी एकदम फ्रेश. आता कळतंय का फ्रेश.

तर प्रश्न असा. मामांनी फॅमिली ग्रुपवर एक बातमी टाकली की मेंदूच्या शास्त्रज्ञांनी शोधलंय, गाऊटचं (युरिक ॲसिड वाढून सांधे दुखतात त्याचं) जुनं स्वस्त औषध दिलं की अशा गोळ्या सोडताना त्रासच (विड्रॉवल) होत नाही. बाबा युरिक ॲसिडसाठी रोज गोळी घेतात, फेबुक्सोस्टॅट ४०, घरात डबा भरलेला आहे. दादा म्हणतो हेच देऊन बघू, घरच्या घरी सुटेल, दवाखान्यात गेलो तर केस होईल, नोकरी जाईल. मला धीर होत नाहीये. कुणाला माहिती आहे का हे संशोधन खरं आहे का, आणि अजून काही नवीन निघालंय का ज्याने हा त्रास टळतो? प्लीज लवकर सांगा, तो शनिवारपासून बंद करायचं म्हणतोय.

---

वॉर्ड_नंबर_सात

ताई आधी बाबांचा डबा उचलून कपाटात ठेवा. मी नाशिकला व्यसनमुक्ती वॉर्डला स्टाफ नर्स आहे, अकरा वर्षं झाली. डॉक्टर नाही, त्यामुळे डोस वगैरे सांगणार नाही, पण जे रोज बघते ते सांगते.

दहा-बारा कॅप्सूल म्हणजे ५००-६०० मिलिग्रॅम. ट्रामाडोल दिवसाला ४०० च्या वर गेलं की फिट यायची शक्यता वाढते, आणि तुमचा दादा गाडी चालवतो. त्यामुळे शनिवारची वाट बघू नका आणि शनिवारी एकदम बंदही करू नका. दोन्ही नको. आधी मानसोपचारवाल्या डॉक्टरांना दाखवा, सरकारी मेडिकल कॉलेज किंवा जिल्हा रुग्णालयाच्या ओपीडीत केस पेपरच्या पैशात होतं. कुठे जायचं कळत नसेल तर १४४४६ ही व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाईन आहे, नाहीतर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाईनचा १४४१६, दोन्ही फुकट आणि मराठीत बोलतात.

करंट लागल्यासारखं म्हणताय ना, ते मुद्दाम डॉक्टरांना सांगा. ट्रामाडोल दोन कामं करतं. एक अफूच्या जातीचं काम, आणि दुसरं डिप्रेशनच्या काही गोळ्या करतात तसं सिरोटोनिन नॉरॲड्रेनलिन ही मेंदूतली रसायनं वाढवायचं काम. म्हणून सोडताना दोन्हीकडून त्रास होतो, जांभया-जुलाब-काटा एका बाजूचा आणि करंट, घाबरणं, कधी कधी भास हा दुसऱ्या बाजूचा. नुसतं हेरॉईनचं पेशंट आणि ट्रामाडोलचं पेशंट सारखं दिसत नाही.

वॉर्डात काय करतो तर एकतर हळूहळू डोस उतरवतात, नाहीतर बुप्रेनॉर्फिनची (तीही अफूच्याच जातीची) जिभेखालची गोळी देतात, नाहीतर क्लोनिडिन. आमच्याकडे एक तक्ता असतो, नाडी, घाम, बाहुली किती मोठी झालीय, जांभया किती, काटा आलाय का, अशा अकरा गोष्टींचे मार्क मांडायचे आणि त्यावर ठरतं. बुप्रेनॉर्फिन फार लवकर दिलं, म्हणजे आधीची गोळी अजून अंगात असताना, तर ते तिला ढकलून स्वतः जागा पकडतं आणि तासाभरात पेशंट लोळायला लागतो. मी बघितलंय, दुसऱ्या कुठून तरी कुणी दिलेली घेऊन आला होता. क्लोनिडिन हे बीपीचं औषध, प्रत्येक डोसच्या आधी बीपी बघायचं, वरचा आकडा ९० च्या खाली असला की डोस थांबवायचा. उभं राहताना चक्कर येऊन पडतात लोक. घरी हे सगळं कोण बघणार?

केसचं म्हणाल तर, २०१८ पासून ट्रामाडोल एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात आहे हे खरं, पण त्याच कायद्यात ६४अ कलम आहे, स्वतःहून उपचाराला आलेल्या व्यसनी माणसावर सेवनाचा किंवा थोड्याशा मालाचा खटला चालवत नाहीत. शिवाय डॉक्टर कंपनीला फोन करून सांगत नाहीत हो. इतक्या वर्षांत आमच्या वॉर्डातून पोलिसांनी कुणाला उचललेलं मी बघितलं नाही.

गाऊटच्या बातमीचं मला माहीत नाही, कुणी अभ्यासू असेल तर सांगेल.

---

उंदीरवाला

अभ्यासू म्हणून नाही पण उंदरांच्या मेंदूवर काम करतो म्हणून लिहितो (पुण्यात, पीएचडीचं सहावं वर्ष, आई अजून सांगते की मुलगा डॉक्टर होतोय आणि मी कुणाला ताप आला तरी काही कामाचा नाही).

बातमी खोटी नाहीये, फक्त मामांपर्यंत येताना अर्धी गळलीय. ते औषध म्हणजे प्रोबेनेसिड. फेबुक्सोस्टॅट नव्हे! बाबांची गोळी युरिक ॲसिड तयारच कमी होऊ देते, प्रोबेनेसिड ते लघवीवाटे बाहेर काढतं. पूर्वी पेनिसिलीन लघवीतून लवकर निघून जाऊ नये म्हणूनही प्रोबेनेसिड देत असत. दोन्ही गाऊटवरची, पण म्हणून एकीच्या जागी दुसरी चालत नाही. बाबांच्या गोळीचा विड्रॉवलशी काडीचा संबंध नाही.

अभ्यास कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठाचा, २०१७ चा, तुआन ट्रँग यांच्या लॅबचा. उंदीर-घुशींना काही दिवस मॉर्फिन दिलं आणि मग नालोक्सोन, म्हणजे अफूवर्गीय औषधाचा असर तोडणारं औषध, टोचून एकदम विड्रॉवल आणला. तेव्हा ती जनावरं उड्या मारतात, दात कडकडतात, भिजलेलं कुत्रं अंग झाडतं तसं अंग झाडतात, हे सगळं मोजलं जातं, एकेक झटका मोजत बसायचा, फार कंटाळवाणं काम. त्यांना दिसलं की मायक्रोग्लिया नावाच्या पेशी, ज्या एरवी वॉचमन-कम-सफाईवाल्या असतात, त्यांच्यातलं पॅनेक्सिन-१ नावाचं दार उघडतं आणि त्यातून एटीपी नावाचं पेशीतलं रसायन बाहेर सांडतं, आणि विड्रॉवलच्या त्रासातला मोठा भाग त्यातून येतो. प्रोबेनेसिड ते दार बंद करतं. मलेरियाचं मेफ्लोक्विन पण करतं. आणि त्यातली खरी भारी गोष्ट म्हणजे मॉर्फिनचा दुखणं थांबवायचा गुण तसाच राहिला. गंमत म्हणजे "मेंदूतलं संशोधन" म्हणून फिरतंय ते बघितलं मेरुरज्जूत, कंबरेच्या भागात, मेंदूत नाही.

पण हे मॉर्फिनवर आणि जनावरांवर. तुमच्या दादाला ट्रामाडोल आहे, त्याची दुसरी बाजू वॉर्ड_नंबर_सात यांनी वर सांगितलीच, तिला हे दार बंद करून काय होणार? तर नाही, घरी करून बघायची गोष्ट नाही ही.

आता मेंदूचं. ब्रेनस्टेममध्ये, म्हणजे मेंदूच्या देठात, लोकस सेरुलियस म्हणून एक इवलासा ठिपका आहे, नावाचा अर्थच निळी जागा. मेंदूतलं बरंचसं नॉरॲड्रेनलिन तिथून जातं. समजा शेजारी भजनी मंडळ रोज चालू असतं म्हणून तुम्ही टीव्हीचा आवाज वाढवत वाढवत नेला, आणि एक दिवस मंडळ पंढरपूरला गेलं. टीव्ही तुमचाच, पण आता कानठळ्या. अफूवर्गीय औषध त्या पेशींना दाबून ठेवतं, पेशी आतून सीएएमपी नावाचं निरोप्या रसायन वाढवून तेवढाच जोर लावत राहतात, गोळी बंद झाली की दाबणारं कुणी नाही आणि आतला जोर तसाच. घाम, काटा, धडधड, झोप नाही, ही सगळी तीच कर्कश टीव्ही. क्लोनिडिन त्या टीव्हीचं बटण खाली करतं, १९७८ मध्ये येल विद्यापीठातल्या डॉक्टरांनी ते विड्रॉवलच्या पेशंटना देऊन दाखवलं. म्हणजे नवीन म्हणून शोधतोय त्यातलं एक औषध ४५ वर्षांहून जुनं आहे आणि कुठल्याही मेडिकलात बीपीसाठी मिळतं. त्याचाच चुलतभाऊ लोफेक्सिडीन, ब्रिटनमध्ये १९९२ पासून वापरात, अमेरिकेत मंजुरी मिळाली ती २०१८ ला.

मला स्वतःला सगळ्यात आवडलेला अभ्यास जिनिव्हाचा आहे, २०२४ चा, फेंटानिल (अफूवर्गीयच, पण फार जहाल) दिलेल्या उंदरांवर. तोपर्यंत अनेकांचा समज असा की मजेचं सर्किट आणि त्रासाचं सर्किट एकच, मजा उतरली की त्रास. त्यांनी दाखवलं की मजा एका भागातून येते आणि विड्रॉवलचा त्रास अमिग्डला या भीती-ताणाशी जोडलेल्या भागाच्या मध्यातल्या वेगळ्याच पेशींतून. त्या पेशींमधले ओपिऑइड रिसेप्टर (अफूवर्गीय औषध जिथे चिकटतं त्या जागा) काढून टाकले तर विड्रॉवलची लक्षणं गेली. आणि मग त्यांनी त्या पेशी प्रकाशाने मुद्दाम पेटवल्या आणि उंदराला एक लिव्हर दिला, दाबला की पेटवणं थोडा वेळ थांबणार. उंदीर लिव्हर दाबायला शिकले. मिळायचं काहीच नाही, नुसतं थांबण्यासाठी. त्याच्याही आधी, २०१६ ला, स्टॅनफर्डच्या गटाने मेंदूतल्या थॅलॅमस या भागातून ॲक्युम्बेन्स या मजेशी जोडलेल्या भागाकडे जाणारी एक वायर दाखवली होती, ती बंद केली की मॉर्फिनच्या उंदरांचा विड्रॉवल हलका होतो. म्हणजे हा त्रास ही मजेची नुसती सावली नाही, त्याला स्वतःचं घर आहे, आणि घर सापडलं की कधीतरी दार पण सापडेल.

---

खडूस_सदाशिव

कधीतरी. हा शब्द मी वीस वर्षं वाचतोय.

उंदीरवाले साहेब, सीआरएफचं पण सांगा की. दारू सोडल्यावर जी तगमग होते ती सीआरएफ नावाच्या ताणाच्या रसायनामुळे, ते अडवलं की उंदीर शांत, दारू कमी पितात, पेपरवर पेपर. मग ते अडवणारी औषधं माणसांवर, पेक्सासरफाँट झालं, व्हेरुसरफाँट झालं, आणि माणसाची दारूची ओढ आहे तिथेच. औषध शरीरात पोचत होतं, काम करत होतं, ओढीला फरक नाही. उंदराला घर नसतं, हप्ते नसतात, बायको बोलत नाही असं नसतं.

दुसरं ते कानामागे लावायचं यंत्र. २०१७ ला अमेरिकेत परवानगी मिळाली, कानाजवळच्या नसांना बारीक करंट देतं, अर्ध्या तासात ३१ टक्के तरी त्रास कमी म्हणे सगळ्यांचा. ७३ पेशंट आणि तुलनेला दुसरा गटच नाही! अर्धा तास कुणी जवळ बसून प्रेमाने बोललं तरी माझा पण त्रास ३१ टक्के कमी होईल.

ताई, तुम्ही नर्सबाईंचं ऐका. बाकी आमचं चालू द्या.

---

उंदीरवाला

सीआरएफचं मान्य, शंभर टक्के. माझ्या गाईडपण तेच उदाहरण देतात कुणी फार उडायला लागलं की. पण उलटंही आहे ना काका, क्लोनिडिनचा मुद्दा आधी जनावरांच्या लोकस सेरुलियसमध्ये सुई घालूनच कळला होता, मग माणसांत चालला. कुठलं चालेल ते आधी कळत नाही हीच बोंब आहे. आणि उंदराला हप्ते नसतात हे लॅबच्या दारावर लिहून लावतो.

---

कोल्हापुरी_नऊ_वर्ष

सगळं वाचलं. आपलं सांगतो. आपण कोडीनच्या (ते पण अफूच्याच जातीचं) खोकल्याच्या बाटलीवर होतो, दिवसाला तीन-चार बाटल्या, नऊ वर्षं झाली सोडून. तो निळा ठिपका का काय ते आपल्याला माहीत नव्हतं पण टीव्हीचं बरोब्बर सांगितलंय भावानं, अगदी तसंच होतंय, स्वतःच्या अंगावरची चादर पण टोचती.

पण ताई तुम्ही ज्याला घाबरताय ते पहिले सात-आठ दिवस, ते जातात. खरंच जातात. आपल्याला वॉर्डात पाचव्या दिवशी भूक लागली आणि आपण रडलो, एवढं बरं वाटलं. अवघड पुढचं हाय. दुसरा महिना, तिसरा महिना, काय दुखत नाही काय नाही पण कशातच राम नाही. तांबडा रस्सा पुढं ठेवला तरी कागद खाल्ल्यागत. झोप दोन तास. पोरगी हसली तर आपल्याला कळायचं की आता आपण पण हसायचं असतंय. तिथं आपण दोनदा घसरलो, विड्रॉवलमध्ये नाही घसरलो. तवा शास्त्रज्ञ लोकांनी काय नवीन काढायचं असंल तर त्या दिवसांसाठी काढा म्हणावं, पहिल्या आठवड्याला क्लोनिडिन पुरतंय.

आणि एक लई महत्त्वाचं, हे वहिनीला पण सांगा. सोडल्यानंतर महिन्याभरानं जर तो घसरला आणि जुन्याच हिशोबानं दहा-बारा एकदम टाकल्या तर अंग ते सोसत नाही. सवय मोडलेली असती. आमच्याबरोबर वॉर्डात एकजण होता, पंचविशीतला, डिस्चार्ज होऊन तीन आठवड्यांनी तसाच गेला. म्हणून सुटली म्हणून निवांत होऊ नका, घरात एक पण स्ट्रिप ठेवू नका, आणि घसरला तर ओरडू नका, गाडीत घालून परत न्या.

कंबरेचं पण बघा. आपल्याला खोकला नव्हता, त्याला दुखणं खरं हाय. दुखणं तसंच ठेवून गोळी काढली तर तो ती परत शोधणार, त्याची चूक नाही ती.

---

वॉर्ड_नंबर_सात

शेवटचं वाक्य मोठ्या अक्षरात लिहायला हवं होतं. फिजिओ आणि दुखण्याच्या डॉक्टरांचं बोलणं ॲडमिट असतानाच सुरू करा, नंतर नंतर म्हणत राहून जातं.

कोल्हापुरी दादा, त्या तिसऱ्या महिन्यासाठी बुप्रेनॉर्फिन पुढे चालू ठेवतात बऱ्याच जणांना, काही महिने, कधी वर्षं. घरचे म्हणतात ही तर एकाच्या जागी दुसरी नशा. तसं नाहीये. तिचा असर एका मर्यादेच्या पुढे वाढत नाही, आणि माणूस कामावर जातो, जेवतो, झोपतो. ज्यांची चालू असते ते जुन्या औषधाकडे कमी वळतात. पण ते डॉक्टर ठरवतील, ट्रामाडोलच्या प्रत्येकाला लागतेच असं नाही.

---

उंदीरवाला

कोल्हापुरी, तुम्ही म्हणताय त्यालाच या क्षेत्रातले लोक व्यसनाची अंधारी बाजू म्हणतात, जॉर्ज कूब म्हणून अमेरिकेतले शास्त्रज्ञ आहेत त्यांनी हे लावून धरलं. आनंदाचं सर्किट थकलेलं आणि ताणाचं सर्किट चढलेलं, दोन्ही एकदम, आणि ते आठवड्यांत खाली येत नाही. आता पैसा आणि माणसं तिकडे वळतायत. वजन-शुगरचं सेमाग्लुटाइड इंजेक्शन आहे ना, २०२५ च्या सुरुवातीला त्याचा दारूवरचा एक छोटा ट्रायल आला, ४८ लोक, नऊ आठवडे, ओढ कमी झाली आणि एका बसण्यातली दारूपण. खडूस काका, यात तुलनेला दुसरा गट होता, आधीच सांगतो. पण ४८ च लोक, आणि ती दारू, गोळ्या नाहीत. म्हणून दादासाठी त्यातलं आज काही नाही. "कशातच राम नाही" हे मी ग्रुप मीटिंगला सांगणार आहे, आमच्याकडे त्याला तीन ओळींचं नाव आहे.

---

मिरजेची_धाकटी

तीन आठवड्यांनी लिहितेय, सॉरी. शनिवार आला नाही, त्याच्या आधीच शुक्रवारी सरकारी ओपीडीत नेलं. हा धागा मी दादाला आख्खा वाचायला दिला, रागावेल वाटलं होतं, नाही रागावला. वर्दीतलं कुणी आलं नाही, केस नाही, ऑफिसला मणक्याचा त्रास एवढंच कळवलंय आणि ते खोटंही नाही. नऊ दिवस ॲडमिट होता. डोस उतरवत नेला, सोबत क्लोनिडिन, दोन वेळा बीपी ९० च्या खाली आलं म्हणून डोस चुकवला, तेव्हा वॉर्ड_नंबर_सात तुमची आठवण आली. करंटचं मुद्दाम सांगितलं, त्यावर वेगळी गोळी दिलीय. फिट आली नाही. कंबरेसाठी फिजिओ चालू झालंय, दुखतं, पण सहन होतं म्हणतो.

उंदीरवाला, ते लिव्हर दाबणारे उंदीर वाचून तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, दुसऱ्या वर्षापासून मला त्या गोळीने काहीच छान वाटत नव्हतं गं, मी पण थांबवायलाच दाबत होतो. वहिनी तिथेच होती. तिला वाटत होतं तो मजेसाठी घेतो, एवढी भांडणं झाली त्यावरून.

आता सोळाव्या दिवशी एकच तक्रार, रात्री पाय. झोपला की पाय आपोआप झाडतो, उठून अंगणात चकरा मारतो, दोन-अडीच तासच झोप. पुढची तारीख सोमवारची आहे. तोपर्यंत काही करता येईल का, आई म्हणते तिळाचं तेल चोळू. आणि मामांनी काल मलेरियाच्या गोळीची बातमी टाकलीय ग्रुपवर.

---

वॉर्ड_नंबर_सात

मलेरियाची नको!! तेल खुशाल चोळा, झोपायच्या आधी कोमट पाण्याची आंघोळ घालू दे, दुपारनंतर चहा बंद. पाय झाडण्याचं सोमवारी सांगाच, रक्तातलं लोह तपासायला सांगा, ते कमी असलं तर पाय जास्त झाडतात. झोपेची गोळी मात्र मेडिकलातून स्वतः आणू नका, त्याने मागितली तरी.